कौतुक, कदर आणि पारख : कुंभकोणमच्या एका मुलाची गोष्ट

एखाद्याचा गुण आपल्याला दिसला की आपण काय करतो? कुणी पाठ थोपटतं, कुणी बक्षीस देतं. कुणी त्याच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकतं, कुणी पदरमोड करतं. एखादा त्याचं काम घेऊन रात्रभर बसतो आणि कुठे बरोबर, कुठे चूक ते तपासतो. पुढे तो गुणवंत मोठा झाला की हे ऋण लक्षात ठेवून आणखी कुणाला तरी हात देतो. आणि काही वेळा माणूस गेल्यावर कित्येक दशकांनी त्याच्या कामाचं मोल वाढत जातं. इंग्रजीत या सगळ्याला ‘अॅप्रिसिएशन’ असं एकच नाव आहे. बाजारात जमिनीचा किंवा चलनाचा भाव चढला तरी तेच. आपल्याकडे त्यासाठी कौतुक, दाद, जाण, कदर, पारख, भाववाढ असे वेगवेगळे शब्द आहेत. हे नुसते शब्द वेगळे नाहीत, त्यामागच्या कृतीही वेगळ्या आहेत, आणि त्यांतली एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

हे समजून घ्यायला कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण नाही. अवघ्या ३२ वर्षांच्या त्या आयुष्यात यातली प्रत्येक तऱ्हा भेटते, तीही स्वतंत्र माणसाच्या रूपात. कौतुक करणारे वेगळे होते, पोसणारे वेगळे आणि पारखणारे आणखी वेगळे.

गाव

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातलं कावेरीकाठचं देवळांचं गाव. मराठी माणसाला ते अगदी परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं. ते १८५५ पर्यंत टिकलं, आणि त्याच्याबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी घराणी त्या मुलखात रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. गावात विद्येचा मान मोठा होता. इथल्या सरकारी कॉलेजला लोक ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणत.

रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आजोळी इरोडला. पण तो वाढला कुंभकोणमला, सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवरच्या छोट्याशा घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजनं म्हणत. चार पैसे मिळावेत म्हणून घरात कॉलेजचे विद्यार्थी ठेवून घेतलेले असत. गणिताची पहिली मोठी पुस्तकं या मुलाच्या हाती आली ती या विद्यार्थ्यांमुळे.

कौतुक

कौतुकाची त्याला कधी वाण पडली नाही. दहाव्या वर्षी प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला. टाउन हायस्कुलात शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की हा मुलगा वेगळा आहे. १९०४ मध्ये त्याला गणिताचं रंगनाथ राव पारितोषिक मिळालं, तेव्हा मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी भर समारंभात सांगितलं की या मुलाला पैकीच्या पैकी गुणसुद्धा कमीच पडतात.

हे कौतुक मनापासूनचं होतं. पण त्याच सुमाराला हा मुलगा नेमकं काय करत होता, हे कुणाला कळत नव्हतं. त्याच्या हाती जी. एस. कार या इंग्रज शिकवणी-मास्तरांचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं एकामागून एक दिलेली, सिद्धतेच्या नावानं जेमतेम एखादी खूण. परीक्षेच्या तयारीसाठी लिहिलेलं ते पुस्तक रामानुजननं स्वतः प्रत्येक सूत्र सिद्ध करत वाचलं आणि तिथून पुढे स्वतःची सूत्रं मांडायला लागला.

मग कॉलेज आलं. शिष्यवृत्ती मिळाली, पण बाकीच्या विषयांत त्याचं लक्ष लागेना. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि १९०५ मध्ये शिष्यवृत्ती गेली. मुलगा घरातून निघून थेट विशाखापट्टणमला गेला. पुढच्या वर्षी मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं. तिथे शरीरविज्ञानात दांडी उडाली आणि १९०७ मध्ये शिक्षणाचं दार कायमचं बंद झालं. कालपर्यंत ज्याचं भरसभेत कौतुक झालं, तो आता पदवी नसलेला, नोकरी नसलेला तरुण होता. त्याचं गणित जराही उणं झालं नव्हतं. पण कौतुकाला गुण कळले होते ते पारितोषिकांतून, आणि पारितोषिकं थांबताच त्याला बोलायला काही उरलं नाही.

कौतुकाची मर्यादा ही आहे. ते आनंद देतं, उमेद देतं आणि द्यायलाच हवं. पण त्यात करणाऱ्याचं काही खर्ची पडत नाही. त्यामुळे वेळ आली की ते सहज हात आखडतं.

कदर

१९०९ मध्ये रामानुजन यांचं जानकीशी लग्न झालं आणि नोकरीचा शोध सुरू झाला. १९१० मध्ये ते तिरुकोयिलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. रामस्वामी अय्यर हे १९०७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय गणित संस्थेचे संस्थापक. या संस्थेचं ग्रंथालय आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामानुजन यांनी मागितली साधी कारकुनी. रामस्वामी अय्यरांनी त्यांची वही चाळली आणि नोकरी नाकारली. महसूल खात्याच्या तळाशी बसवून या बुद्धीचा जीव घ्यायला त्यांचं मन धजेना. पण नकार देऊन ते मोकळे झाले नाहीत. मद्रासमधल्या गणितज्ञांच्या नावानं त्यांनी शिफारसपत्रं दिली.

ती पत्रं रामानुजन यांना कुंभकोणमलाच पूर्वी शिकवलेल्या शेषू अय्यर यांच्यापर्यंत घेऊन गेली, आणि तिथून नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत. रामचंद्र राव स्वतः गणिताचे जाणकार. दाढी वाढलेला, काखेत फाटकी वही आणि डोळ्यांत विलक्षण चमक असलेला तो तरुण त्यांना पुढे कायम लक्षात राहिला. पहिल्या भेटीत त्यांना काही उमगलं नाही. पण त्यांनी दार बंद केलं नाही, पुन्हा बोलावलं. मग रामानुजन यांनी सोप्या सूत्रांपासून सुरुवात केली आणि पायरी पायरीनं वर नेलं. शेवटी रामचंद्र रावांनी विचारलं, तुम्हाला हवंय काय? उत्तर मिळालं, पोटापुरतं मिळालं तर गणित करत राहता येईल.

रामचंद्र रावांनी स्वतःच्या खिशातून दरमहा २५ रुपये सुरू केले. ही झाली कदर. तिथे गुण ओळखणारा माणूस स्वतःचं काही मोजतो. पैसा असेल, वेळ असेल किंवा चारचौघांतली स्वतःची पत असेल. रामानुजन यांना मात्र दुसऱ्याच्या जिवावर फार दिवस राहणं रुचलं नाही, आणि १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले.

जाण

दरम्यान १९११ मध्ये गणित संस्थेच्या नियतकालिकात त्यांचं लेखन येऊ लागलं होतं. वाचकांसाठी त्यांनी एक कोडं घातलं होतं:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

वर्गमुळाच्या पोटात वर्गमुळ, त्याच्या पोटात आणखी एक, असं न संपणारं. याची किंमत किती? सहा महिने गेले, एकाही वाचकाकडून उत्तर आलं नाही. उत्तर आहे ३. ते असं दिसतं: ३ म्हणजे √९, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. त्यातला ४ म्हणजे √१६, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. त्यातला ५ म्हणजे √२५, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असं उलगडत गेलं की तीच साखळी तयार होते. शाळेतल्या मुलालाही पडताळता येईल अशी ही गोष्ट आहे, पण ती सुचायला रामानुजन लागले. अशा ठिकाणी नुसतं ‘वा’ म्हणणं आणि एकेक पायरी हातानं लिहून पाहणं यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्या रीतीनं जे मिळतं ती जाण.

पोर्ट ट्रस्टचे मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर यांनी ही दुसरी रीत निवडली. ते पूर्वी गणित शिकवत. कचेरीतल्या हुद्द्यानं ते रामानुजन यांच्या कितीतरी वर. पण संध्याकाळी दोघं पाट्या घेऊन शेजारी बसत. कागद परवडत नसे, म्हणून पाटी, आणि फडकं घ्यायला वेळ नसे म्हणून रामानुजन कोपरानंच पुसत. नारायण अय्यर त्यांना पुन्हा पुन्हा सांगत की मधल्या पायऱ्या गाळू नका, मला कळेल असं लिहा, म्हणजे जगालाही कळेल. वरच्या हुद्द्याच्या माणसानं आपल्याच कारकुनाला ‘मला समजलं नाही, परत सांग’ असं म्हणणं, हे कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं आहे.

पारख

१६ जानेवारी १९१३ ला रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र पाठवलं. सोबत सुमारे १२० सूत्रांची पानं होती. त्याआधी केंब्रिजमधल्याच दोन नामांकित गणितज्ञांनी दाद दिली नव्हती. लंडनचे प्राध्यापक हिल यांनी मद्रासहून आलेलं त्यांचं काम पाहून होतकरू आहे, पण अनंत मालिकांच्या फेऱ्यात चुकला आहे, असं मत दिलं आणि कोणतं पुस्तक वाचावं ते सुचवलं. ही अर्धी पारख होती. नियमात न बसणारं जे आहे ते चूकच, असं तिनं धरून चालवलं.

हार्डींनाही पहिल्यांदा शंका आली. पण ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. सहकारी लिटलवूड यांना बोलावलं आणि त्या रात्री दोघं ती पानं घेऊन बसले. काही सूत्रं त्यांच्या ओळखीची निघाली, काही कष्टानं सिद्ध झाली, आणि काही अशी होती की तशी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

८ फेब्रुवारीला हार्डींनी पाठवलेलं उत्तर हा पारखीचा वस्तुपाठ आहे. तोंडभरून स्तुती करून ते थांबले नाहीत. त्यांनी सूत्रांचे तीन गट पाडले: जी आधीच माहीत आहेत ती, जी नवी आणि कुतूहलाची आहेत, पण ज्यांचं महत्त्व बेताचं आहे ती, आणि जी नवी व महत्त्वाची आहेत ती. आणि सगळ्यांच्या सिद्धता मागितल्या. अविभाज्य संख्यांबद्दलच्या रामानुजन यांच्या दाव्यांत पुढे मोठी चूक निघाली, आणि हार्डींनी तीही स्पष्ट सांगितली. चूक सांगितल्यानं रामानुजन लहान झाले नाहीत. उलट बाकीच्या सूत्रांना वजन आलं, कारण आता त्यांमागे तपासणाऱ्याचा शब्द उभा होता.

रामानुजन यांचं उत्तर वाचताना मात्र मन गलबलतं. आपल्या कष्टांकडे सहानुभूतीनं पाहणारा मित्र भेटला, याचा त्यांना आनंद होता. पण त्याच पत्रात त्यांनी हेही लिहिलं की आपण अर्धपोटी आहोत, डोकं चालायचं तर आधी अन्न हवं, आणि तुमच्या पत्राच्या आधारानं इथे शिष्यवृत्ती मिळू शकेल. पारख आणि कदर एकमेकींना कशा लागून असतात, ते इथे दिसतं. हार्डींच्या पत्रानं पोट भरणार नव्हतं. पण त्या पत्राशिवाय विद्यापीठाची थैली सुटलीही नसती. हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनीही रामानुजन यांच्या वह्या पाहून विद्यापीठाकडे शब्द टाकला, आणि मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठानं दरमहा ७५ रुपये सुरू केले. पदवी नसलेल्या माणसाला संशोधनाची शिष्यवृत्ती देण्यासाठी नियमाला मुरड घालावी लागली, आणि ती घातली गेली.

१७ मार्च १९१४ ला रामानुजन बोटीत बसले. केंब्रिजमध्ये हार्डींसमोर नाजूक पेच होता. या माणसाला आधुनिक गणिताची शिस्त शिकवायची, पण त्याची उपजत झेप मोडायची नाही. दोघांनी मिळून केलेलं सर्वांत गाजलेलं काम संख्येच्या विभाजनांवरचं आहे. ४ ही संख्या पाच प्रकारांनी लिहिता येते: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. मग १०० किती प्रकारांनी? १९,०५,६९,२९२. एवढी मोजणी एकेक करून कुणाला जमणार? १९१८ मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी असं सूत्र दिलं की त्याची अवघी काही पदं घेतली तरी उत्तर जवळजवळ तंतोतंत येतं. त्यात कल्पनेची उडी आणि सिद्धतेची शिस्त दोन्ही लागतात. त्याच वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मुंबईचे जहाजबांधणीतज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरेच भारतीय.

ऋण

१९१७ पासून रामानुजन आजारी होते. मद्रास विद्यापीठानं त्यांना पाच वर्षांसाठी वर्षाला २५० पौंड देऊ केले. ११ जानेवारी १९१९ ला त्यांनी विद्यापीठाच्या निबंधकांना लिहिलं की हे माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत, आणि माझा आवश्यक खर्च भागून जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या शाळेच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी वापरावं.

सहा वर्षांपूर्वी अर्धपोटी असल्याचं लिहिणारा माणूस हे लिहीत होता. फी भरता न येणं म्हणजे काय, आणि वेळेवर मिळालेलं एक पुस्तक काय करू शकतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आभाराचे शब्द ज्यानं दिलं त्याच्यापाशी परत जातात. उपकाराची खरी जाण पुढे जाते, ज्याला अजून काहीच मिळालेलं नाही त्याच्याकडे. मार्च १९१९ मध्ये रामानुजन मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं.

भाव

आता राहिला तो अर्थ, जो बाजारात चालतो. शहराच्या कडेला जमीन असेल आणि शेजारून रस्ता गेला, तर तिचा भाव वाढतो. मालकानं कुदळही न मारता वाढतो. ज्ञानाचं तसं नाही. वहीत लिहिलेल्या सूत्राचं मोल आपोआप चढत नाही. कुणीतरी ते उघडून त्यावर राबावं लागतं.

रामानुजन यांच्या वह्यांच्या छायाप्रती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९५७ मध्ये दोन खंडांत छापल्या, तेव्हा त्या जगभरच्या गणितज्ञांच्या हाती पोचल्या. अमेरिकेतले ब्रूस बर्न्ट यांनी १९७०च्या दशकात त्यातलं एकेक सूत्र सिद्ध करायला घेतलं, आणि पाच खंड लिहून होईपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ गेला.

शेवटच्या वर्षात, मरणाच्या दारात लिहिलेल्या पानांचं नशीब आणखी विचित्र. ती फिरत फिरत जी. एन. वॉटसन या गणितज्ञांकडे गेली. १९६५ मध्ये वॉटसन वारले, तेव्हा त्यांच्या अभ्यासिकेत कागदांचा खच पडला होता आणि काही दिवसांत तो जाळला जाणार होता. सहकाऱ्यांनी त्यातून ही पानं वाचवली आणि ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आली. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांनी तिथली पेटी उघडली आणि पाहताक्षणी ओळखलं की हे काय आहे. ते ओळखू शकले, कारण रामानुजन यांनी हार्डींना १२ जानेवारी १९२० च्या शेवटच्या पत्रात ज्यांची ओळख करून दिली होती, त्या ‘मॉक थीटा’ फलनांवरच अँड्र्यूज यांनी डॉक्टरेट केली होती. दुसऱ्या कुणाच्या हाती ती पेटी आली असती, तर जुने कागद म्हणून ती परत फडताळात गेली असती.

ही फलनं नेमकी काय आहेत, याचा उलगडा २००२ मध्ये नेदरलँड्सच्या सँडर झ्वेगर्स यांच्या प्रबंधानं केला. आणि २०१२ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या अतीश दाभोलकरांनी समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्यासह दाखवलं की कृष्णविवरांच्या पुंज-अवस्था मोजताना हेच गणित कामी येतं. रामानुजन लिहीत होते, तेव्हा कृष्णविवर हा शब्दसुद्धा नव्हता. मोल वाढलं ते असं, एकेका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं.

जानकी अम्माळ यांच्या वाट्याला मात्र ही भाववाढ आली नाही. ऐन विशीत विधवा झाल्यावर त्या काही वर्षं मुंबईत राहिल्या, नंतर मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये. विद्यापीठाचं तुटपुंजं निवृत्तिवेतन आणि शिवणकाम यावर त्यांनी घर चालवलं, आणि पोरकं झालेलं एक मूल वाढवलं. पतीचा पुतळा उभारू, असं आश्वासन त्यांना मिळालं होतं. तो कुठे आहे, असं त्यांनी म्हातारपणी विचारलं. ते वाचून अमेरिकेतले गणितज्ञ रिचर्ड आस्की यांनी शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांना काम दिलं, शंभरावर गणितज्ञांनी वर्गणी काढली आणि अर्धपुतळा घडला. जानकी अम्माळ १९९४ मध्ये वारल्या. कदर उशिरा झाली, तरी ती ज्यांच्यासाठी होती त्या हयात असताना झाली, हे भाग्यच म्हणायचं.

कदर वेळेत व्हावी म्हणून

सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवरचं ते घर २००३ मध्ये शास्त्र विद्यापीठानं विकत घेतलं आणि आज ते पाहायला मिळतं. पण जपलेल्या घराहूनही मोलाची गोष्ट त्याच विद्यापीठानं २००५ मध्ये सुरू केली. रामानुजन यांच्या जयंतीच्या सुमारास कुंभकोणमला दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो, दहा हजार डॉलरचा. वयाची अट ३२, म्हणजे रामानुजन जेवढं जगले तेवढी. हा पुरस्कार मंजुल भार्गव यांना २००५ मध्ये, अक्षय वेंकटेश यांना २००८ मध्ये, पीटर शोल्झ यांना २०१३ मध्ये आणि मारीना वियाझोव्स्का यांना २०१७ मध्ये मिळाला. गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स सन्मान या चौघांनाही मिळाला, पण नंतर. जगानं शिक्का मारण्याची वाट न पाहता, काम वाचून निवड करण्याचं धाडस इथल्या परीक्षकांनी दाखवलं.

कुठल्याही शाळेत, कचेरीत किंवा घरात हीच कसोटी लावता येईल. समोरच्याचं कौतुक तर करावंच. पण त्यानंतर स्वतःला विचारावं: याचं काम मी नीट वाचलं का? चूक दिसली ती सांगितली का? याच्यासाठी कुणापाशी शब्द टाकला का? याची फी, याचं भाडं, याचा रिकामा वेळ यांतलं काही मी उचलू शकतो का? रामचंद्र रावांचे २५ रुपये आणि नारायण अय्यरांची पाटी या फार मोठ्या गोष्टी नव्हत्या. पण त्या १९११ आणि १९१२ मध्ये, गरज होती तेव्हा मिळाल्या. त्या नसत्या, तर हार्डींना पत्र लिहायला रामानुजन कदाचित उरलेच नसते.